विमानात लपवलेला ताप

गेल्या महिन्यात मॉरिसव्हिलहून एका बाईंचा फोन आला. ओळख ना पाळख. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी माझा नंबर दिला होता. मला तीन वर्षांपूर्वी जो आजार झाला, तोच आता त्यांच्या नवऱ्याला झालाय. इस्पितळातल्या सोशल वर्करने त्यांना छोट्या विमानांबद्दल सांगितलं होतं. स्वतःचं विमान, स्वतःचं इंधन आणि स्वतःची सुट्टी घालवून अनोळखी पेशंटला लांबच्या इस्पितळात फुकट पोचवणारी माणसं असतात, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. तसा माझाही बसला नव्हता. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "भीती वाटते का हो त्या विमानात?"

"छे हो, अजिबात नाही," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मला माझाच राग आला. एवढं सगळं भोगून झाल्यावरही तोंडातून पहिलं उत्तर हेच निघावं? म्हणून हे लिहायला बसले आहे. औषधांची नावं आणि रक्तातले आकडे तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते माझ्या मूर्खपणाबद्दल, आणि तो मूर्खपणा आपल्या लोकांत घरोघरी आहे अशी माझी खात्री आहे.

निळे डाग

दोन हजार पाच साली आम्ही पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहत होतो. युनिव्हर्सिटी काढून घेतली तर गावात फारसं काही उरणार नाही, असं ते गाव. हेमंत, माझा नवरा, तिथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करत होता. मी नागपूरला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. इथे मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको, म्हणजे मला काम करायला बंदी. आमची सई तेव्हा सहा वर्षांची होती.

सप्टेंबरात माझ्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. डिशवॉशरचं दार मी नेहमी उघडं टाकते, त्याला धडकत असेन असं मला वाटलं. मग ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हेमंतने व्हिटॅमिन सी कमी पडतंय असं निदान करून पिशवीभर संत्री आणली. नागपूरच्या बाईला संत्री आणून देतोय म्हणून मी त्याची भरपूर चेष्टा केली. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरकडे गेलो.

सकाळी रक्त दिलं आणि दुपारी चार वाजता फोन आला. डॉक्टर स्वतःच बोलत होते. सगळं सोडून ताबडतोब इमर्जन्सीत या, स्वतः गाडी चालवू नका, आणि कुठे पडू नका, असं ते म्हणाले. मी म्हणाले, "दहा मिनिटांत निघते, कुकरची एक शिट्टी राहिलीय." म्हणजे इंग्रजीत, भात होतोय एवढंच. मग ते अगदी सावकाश म्हणाले, "मॅम, प्लीज टर्न ऑफ द स्टोव्ह."

त्या आवाजाने मला कळलं. गॅस बंद करून मी खाली बसले आणि हेमंतच्या लॅबचा नंबर फिरवला.

हाडांच्या आतला जो मगज रक्त तयार करतो, त्याने काम थांबवलं होतं. तांबड्या पेशी नाहीत, रक्त गोठवणाऱ्या नाहीत आणि जंतूंशी लढणाऱ्या तर जवळजवळ शून्य. हे का झालं, असं मी विचारलं. माहीत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते खरं बोलत होते.

घरात

आठवड्याने घरी आले ती नियमांचा कागद घेऊनच. तो फ्रिजवर लावला. कच्चं काही खायचं नाही. गर्दीत जायचं नाही. घरात माती नको, झाडं नकोत. बाल्कनीतून थंडीसाठी आत घेतलेली तुळस हेमंतने शेजारच्या तेलुगू कुटुंबाला देऊन टाकली. आणि सगळ्यांत खाली, जाड अक्षरांत: ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला तर लगेच इमर्जन्सी. तापाची कुठलीही गोळी घ्यायची नाही, कारण गोळीने ताप लपतो आणि आतलं दुखणं वाढत राहतं. ही गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली, नर्सने सांगितली, फार्मसिस्टने सांगितली आणि हेमंतने तर पाठच करून घेतली.

सईसाठी वेगळा नियम होता. शाळेतून आली की कपडे बदलायचे, हात धुवायचे आणि मगच माझ्याजवळ यायचं. नुसतं शिंकली तरी तिची उशी हेमंतच्या खोलीत जायची आणि ती बरी होईपर्यंत माझ्या दारात उभी राहून माझ्याशी बोलायची. दार ओलांडायचं नाही. एकदा ती तशी पाच दिवस उभी राहिली.

खिडकीतून पार्किंग लॉट दिसायचा आणि कॅम्पसची बस दिसायची. दिवसभर तेच बघायचं. मला गाडी चालवता येत नव्हती, बसमध्ये चढायची परवानगी नव्हती आणि भारतात परतायचं तर वीस तासांचा प्रवास, त्याला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. दुसऱ्याचा मगज घालून बघायचा तर भावाचा माझ्याशी जुळला नाही. आईला मी फक्त ॲनिमिया म्हणून सांगितलं होतं. फोन कार्डावरची मिनिटं संपत आली की ती घाईघाईने म्हणायची, "पालक खात जा गं, आणि खजूर."

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त राग हेमंतचा यायचा. तो चांगलाच वागत होता. स्वयंपाक करायचा, भांडी उकळत्या पाण्यात धुवायचा. पण सकाळी तो दार उघडायचा, बाहेर जायचा आणि दार लावून घ्यायचा. त्या दाराच्या आवाजाचा मला राग यायचा. एकदा मी रिमोट फेकून मारला. तो दाराला लागला, हेमंत तेव्हा खाली पोचला होता.

फुकट कसं काय?

या आजारावर ज्यांचा हात बसला आहे असे डॉक्टर मिशिगनमधल्या ॲन आर्बरला होते. आधी काही दिवस तिथे भरती व्हायचं आणि नंतर दर दोन आठवड्यांनी दाखवायला जायचं. गाडीने सात तास जायला आणि सात तास यायला. हेमंतची रजा आणि सईची शाळा दोन्ही आडवी येत होती. नेहमीच्या विमानात दीडशे माणसांत बसून जायचं म्हणजे जंतूंना आमंत्रणच. तेव्हा सोशल वर्करने त्या छोट्या विमानवाल्यांच्या संस्थेचं नाव काढलं.

"फ्री? एकदम फ्री?" हेमंत गाडीत म्हणाला. "कॅच काय आहे यार यात?"

"असेल काहीतरी," मी म्हणाले. "उतरल्यावर चर्चमध्ये नेतील."

कॅच काही निघाला नाही. एक फॉर्म भरायचा होता, त्यात माझं आणि बॅगेचं अचूक वजन लिहायचं होतं. मी आपल्या सवयीप्रमाणे मेतकूट, मुगाची डाळ, इस्त्रीचे कपडे असं सगळं भरलं होतं. हेमंतने बॅग वजनकाट्यावर ठेवली आणि एकेक गोष्ट बाहेर काढली. "हे चार सीटचं विमान आहे मंजिरी, एस.टी. नाही," तो म्हणाला.

विमान खरोखरच एवढंसं होतं. दार आमच्या बाबांच्या जुन्या फियाटसारखं, दोनदा आपटल्याशिवाय न लागणारं. बसलं की गुडघे पुढच्या तक्त्याला टेकायचे, खांद्यावरून पट्टा, कानांवर हेडफोन, तोंडासमोर माइक. एकदा पट्टा बसला की अडीच तास हलायला जागा नाही. आणि बाथरूम नाही. घरात कोंडलेली मी तिथे आणखी लहान डब्यात कोंडली जायचे.

पहिल्या खेपेला एक पायलट होते, पुढच्या जवळजवळ सगळ्या खेपांना लोइस आल्या. सत्तरीला टेकलेल्या, उंच, केस बारीक कापलेले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात म्हणून मीही लोइस म्हणायचे, मनात मात्र लोइसबाई. बोलणं अगदी कमी. उड्डाणाआधी त्या विमानाच्या तपासणीची यादी मोठ्याने वाचायच्या. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, दर वेळी, जणू आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसल्या आहेत. यादी संपली की माझ्याकडे वळायच्या. "अँड यू? हाउ आर यू टुडे?"

आणि उत्तराची वाट बघायच्या. इथे दुकानातही सगळे विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातात. या बाई खरंच थांबायच्या. मी म्हणायचे, "आय ॲम फाइन."

लोइसबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की काही लागलं तर बोल, दर पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर एखादी धावपट्टी असतेच, मी खाली उतरवीन. मी कधीच बोलले नाही. बाथरूमला जायचं म्हणून एका म्हाताऱ्या बाईला विमान उतरवायला कसं सांगायचं? म्हणून मी आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायचे. मूत्रपिंडांवर ताण आणणारं औषध चालू असताना पाणी बंद, केमिस्ट्रीच्या बाईंचं हे शहाणपण.

याला आपल्याकडे भीड म्हणतात. पाहुणे उपाशी राहतात पण "अजून एक पोळी" म्हणत नाहीत, ती ही भीड. माझ्या घरात तिला चांगलं वळण समजत असत.

आणि लोइसबाई काही घेत नाहीत म्हटल्यावर तर ही भीड दुप्पट झाली. पैशांचं नावही काढू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं. मग मी पातळ पोह्यांचा चिवडा करून डबा नेला. ओहायोवरून जाताना त्यांनी एका हाताने विमान धरलं आणि दुसऱ्या हाताने अर्धा डबा संपवला. त्या आजारपणात मला मिळालेल्या आनंदाच्या गोष्टी मोजक्याच होत्या, त्यातली ही एक.

ॲन आर्बर

भरती झाले तेव्हाचं औषध घोड्याच्या रक्तापासून केलेलं होतं. हेमंत फोनवर म्हणाला, "खिंकाळायला लागलीस तर सांग." मी इतक्या दिवसांनी हसले की नर्स बघायला आली.

तिथले दिवस म्हणजे रक्त काढणं, रक्त चढवणं, ताप बघणं, वजन बघणं आणि परत रक्त काढणं. सलाइनच्या स्टँडला मी नवरोजी म्हणायचे, कारण बाथरूमला गेले तरी मागे यायचा. औषध चढताना थंडी वाजायची तेव्हा डेनिस नावाची नर्स कपाटातून गरम केलेलं ब्लँकेट आणून पायांवरून गळ्यापर्यंत खोचून द्यायची. मला त्या ब्लँकेटखाली रडू यायचं, आणि तिथे रडलेलं कुणाला दिसत नसे.

घरी परतले. औषधाचा परिणाम व्हायला तीन-चार महिने लागतील असं सांगितलं होतं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दर दोन आठवड्यांनी विमानाने जायचं, रक्त तपासायचं, आकडे जसेच्या तसे. माझ्या आत काहीच हलत नव्हतं.

तो दिवस

फेब्रुवारीतली भेट महत्त्वाची होती. औषध लागू पडतंय की नाही आणि नसेल तर पुढे काय, हे डॉक्टर त्या दिवशी ठरवणार होते. ढगांत बर्फ होता म्हणून आधीच्या दोन तारखा रद्द झाल्या होत्या. छोट्या विमानाच्या पंखांवर बर्फ धरला तर ते पडतं. तिसऱ्या तारखेला हवा स्वच्छ निघाली. लोइसबाईंचा फोन आला की मी माझ्या गावाहून निघते, तासाभरात तुमच्याकडे उतरते.

मी ताप बघितला. शंभर पॉइंट नऊ.

थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. शंभर पॉइंट नऊ. स्वयंपाकघरात हेमंत सईचा डबा भरत होता. "किती आहे गं?" त्याने तिथूनच विचारलं.

"नव्व्याण्णव," मी म्हणाले.

मग बाथरूमचं कपाट उघडलं. हेमंतच्या डोकेदुखीच्या गोळ्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या. पाणी फार नको म्हणून घोटभर पाण्याबरोबरच.

का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. इथल्या इमर्जन्सीत पुन्हा अडकायची भीती होती, आणि तारीख तिसऱ्यांदा चुकेल ही भीती होती. ही कारणं खरी आहेत. पण सगळ्यांत मोठं कारण हे की एक म्हातारी बाई माझ्यासाठी अंधारात उठून एवढ्या थंडीत विमान घेऊन निघाली आहे, ती आता हवेत आहे, आणि ती उतरल्यावर तिला "आज नाही, परत जा" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मरणाची भीती त्या सकाळी मला वाटलीच नाही. लाज वाटेल याची वाटली.

हेमंतने मला विमानापर्यंत आणलं. माझ्या हातांत जोर नव्हता, म्हणून पट्टा त्यानेच लावून दिला. लोइसबाईंनी यादी वाचली. "हाउ आर यू टुडे?"

"आय ॲम फाइन."

तासभर ठीक गेला. गोळ्यांनी घाम आला, बरं वाटलं, मला वाटलं जमलं. खाली पांढरी शेतं दिसत होती. मग पाठीच्या कण्यातून थंडी सुरू झाली. लोइसबाईंनी विचारलं, "आर यू कोल्ड?" मी फाइन म्हणाले. त्यांनी हीटर वाढवला. हुडहुडी वाढत गेली. मी हात मांड्यांखाली दाबून धरले, गुडघे एकमेकांवर दाबले, जबडा आवळला. जबडा काही ऐकेना.

आणि तो माइक आवाज झाला की आपोआप चालू होणारा होता. माझे दात लोइसबाईंच्या कानांत वाजत होते. मला त्याचा पत्ताच नव्हता.

"मंजिरी," त्या म्हणाल्या. माझ्या नावाचा उच्चार त्या नेहमी जपून करायच्या. "हे फाइन नाही. मला नंबर सांग."

मी समोर बघत राहिले. उतरता येत नव्हतं, लपता येत नव्हतं, तोंड फिरवायलासुद्धा जागा नव्हती. मी म्हणाले, "सकाळी शंभर पॉइंट नऊ होता. मी दोन गोळ्या घेतल्यात. मला अशा गोळ्या घ्यायला मनाई आहे."

त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. कंट्रोल टॉवरशी बोलल्या, वर्गात फळ्यावरचं गणित समजावावं तशा आवाजात: पेशंट आहे, रक्ताचा आजार, ताप, जवळची धावपट्टी द्या, ॲम्ब्युलन्स तयार ठेवा. विमान एका बाजूला कललं. मग मला म्हणाल्या, "झोपायचं नाही. माझ्याशी बोलत राहा. त्या डब्यातला पदार्थ कसा करतात ते सांग."

मी सांगायला लागले. फर्स्ट यू रोस्ट द पोहा, व्हेरी लो फ्लेम. दाण्यांपर्यंत आले आणि विसरले. त्या म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून. तीनदा पोहे भाजले. चौथ्यांदा भाजताना चाकं जमिनीला लागली, आणि खिडकीतून लाल दिवे दिसले.

काचेपलीकडे

ओहायोतल्या त्या छोट्या गावातलं इस्पितळ मला नीट आठवत नाही. रक्तदाब खाली गेला होता. छतावरचे चौकोन आठवतात, आणि कुणीतरी माझ्या हातावर सारखं थोपटत होतं ते आठवतं. तासभर आणखी गेला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरांनी हेमंतला सांगितलं. मला नाही सांगितलं. मला ते हेमंतने सांगितलं, आणि मुद्दाम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लोइसबाई मास्क लावून दारात आल्या. हवा बिघडल्यामुळे त्याही त्याच गावात मोटेलात अडकल्या होत्या. मी आधी माफी मागितली, की तुम्ही एवढ्या लांबून आला होता म्हणून मला सांगवेना.

"मग मी परत गेले असते आणि ब्रेकफास्ट केला असता," त्या म्हणाल्या. "मला ब्रेकफास्ट आवडतो." मग म्हणाल्या, "मी वजन मोजते. वारा बघते. ढग बघते. तुझ्याबद्दल मात्र मला तू सांगशील तेवढंच कळतं. खोटं सांगणाऱ्या माणसाला मी हवेत नेत नाही. हे तुला पुढच्या वेळी लक्षात ठेवायला लागेल."

पुढची वेळ येणार आहे, असं त्यांनी धरलं होतं. त्यांच्या रागापेक्षा मला तेच जास्त लागलं.

हेमंत पहिल्याच दिवशी गाडीने येऊन पोचला होता. रात्रभर खुर्चीत बसलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तोंड उघडलं.

"तू मला नव्व्याण्णव सांगितलंस."

"हो."

"त्या बाईंची भीड वाटली तुला. माझी नाही वाटली?"

त्याने चष्मा काढला. "तो बेल्ट मी लावला, मंजिरी. माझ्या हाताने टाइट करून दिला. मी खाली उभा राहून हात हलवत होतो." आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्याला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

या ठिकाणी मॉरिसव्हिलच्या बाईंना आणि तुम्हा सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ही माणसं फुकट नेतात ते तुम्ही त्यांचे उपकार मानावेत म्हणून नव्हे. त्यांना नाही म्हटलेलं चालतं. आयत्या वेळी म्हटलेलंही चालतं. ती घरी जाऊन जेवतात.

सई

हेमंतबरोबर सईही आली होती. तीन दिवस ती खालच्या हॉलमध्ये रंगवत बसलेली असायची. चौथ्या दिवशी मला अतिदक्षता विभागातून बाहेर काढलं, तेव्हा नर्सने तिला मास्क लावून दारापर्यंत यायला परवानगी दिली. ती सवयीने उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. आत ये, असं नर्स म्हणाली तरी आली नाही.

"काय गं?" मी म्हणाले. "ये की."

"आई," ती म्हणाली, "आय हॅड अ सोअर थ्रोट."

"आत्ता? दुखतोय घसा?"

"नो. बिफोर. बिफोर यू वेंट इन द प्लेन." तिने हेमंतकडे पाहिलं, मग फरशीकडे. "आय डिडन्ट टेल. मी सांगितलं असतं तर बाबांनी माझी पिलो नेली असती. आय वॉन्टेड टू स्लीप विथ यू."

तिला रडू येत नव्हतं, हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. चार दिवस ती हे मनात ठेवून खाली बसून रंगवत होती. तो घसा माझ्यापर्यंत कसा पोचला असेल याचं गणित सहा वर्षांच्या मुलीने स्वतःच करून टाकलं होतं. मी हेमंतकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

मी म्हणाले, "सई, मला पण ताप आला होता त्या दिवशी. मीसुद्धा सांगितलं नाही. बाबांना खोटं सांगितलं."

"व्हाय?"

"कारण मला पण जायचं होतं."

मग ती उंबरा ओलांडून आली आणि पलंगाच्या कडेला, नळ्या चुकवून, हात ठेवला. माझ्या पायावर, पांघरुणावरून. तेवढीच परवानगी होती.

एप्रिलमध्ये माझ्या पेशी हलायला लागल्या. आधी थोड्या, मग भराभर. लोइसबाईंनी मला आणखी सात वेळा नेलं. त्यांच्या प्रश्नाला मी खरी उत्तरं द्यायला लागले: डोकं दुखतंय, रात्री झोप नाही, भीती वाटतेय. त्या प्रत्येक उत्तराला मान हलवायच्या आणि मगच इंजिन सुरू करायच्या. एकदा अंगात कणकण होती, तेव्हा मी त्यांना धावपट्टीवरूनच परत पाठवलं. आमच्या घरात आता कुणी दुखणं लपवत नाही. सई तर शाळेतून आल्या आल्या साधं खरचटलेलंही दाखवते.

बरी झाल्यावर ओहायोच्या त्या इस्पितळातून माझ्या सगळ्या कागदांचं जाड पाकीट घरी आलं. केमिस्ट्रीची बाई आहे मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला बसले. रक्तात कोणता जंतू सापडला त्याचा एक कागद त्यात आहे. तो माझ्याच आतड्यांतला होता की एखाद्या लहान मुलाच्या घशातला, हे त्या एका ओळीवरून कळतं. ती ओळ न वाचताच तो कागद मी पालथा करून परत पाकिटात घातला.

हेमंतने तो वाचला आहे. पाकिटात तो आता सुलटा आहे, आणि घरात तिसरं कुणी त्याला हात लावत नाही. त्याने मला सांगितलं नाही. मी विचारलेलं नाही.